आम्ही आणि आपण: पूलच्या टेबलाभोवतीची गर्दी



मागच्या दोन व्याख्यानांत आपण गर्दीबद्दल बोललो. त्यानंतर बऱ्याच जणांनी कळवलं की सर, तुमची सगळी उदाहरणं मोर्च्यांची, दंगलींची, चेंगराचेंगरीची. आनंदानं जमलेल्या माणसांबद्दल तत्त्वज्ञानाला काही म्हणायचं नाही का? तक्रार रास्त आहे. म्हणून आज एक आनंदी गर्दी घेऊन आलो आहोत. ती आहे पूल या खेळाची. हो, तोच पूल. कापड चढवलेलं टेबल, रंगीत बॉल आणि हातात लांब काठी. घरी हा विषय सांगितला तेव्हा सौ.नी चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलं, बोलल्या काही नाहीत. श्रेय नातवाचं आहे. टाळेबंदीत तो हे सामने बघायचा आणि एकाच खोलीत बसायचं म्हटल्यावर आम्हीही बघू लागलो. पहिल्या दिवशी आम्ही त्याला आवाज कमी करायला सांगितला. चौथ्या दिवशी वाढवायला.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. 2022 चा मे महिना. कोविडमुळे लांबलेल्या दक्षिणपूर्व आशियाई क्रीडास्पर्धा व्हिएतनाममध्ये भरल्या होत्या. त्यातले बिलियर्ड्सचे सामने हनोईच्या हा डोंग भागातल्या क्रीडागृहात होते. फिलिपिन्सच्या संघात 67 वर्षांचे एक गृहस्थ होते, एफ्रेन रेयेस. म्हणजे आमच्याहून थोडेच लहान. ते आत आले की सह्या आणि फोटो यांसाठी झुंबड उडायची. माणसं त्यांचा खेळ बघण्यासाठी कठड्याला चिकटून उभी राहायची. आणि गंमत अशी की तिथे ते त्यांचा हातखंडा असलेला पूल खेळतही नव्हते. ते खेळत होते कॅरम-बिलियर्ड्स. आपल्या कॅरमबोर्डाशी त्याचं नातं नावापुरतं. त्या टेबलाला पॉकेटच नसतात. त्यांना सुवर्णपदक मिळालं नाही. गर्दीला त्याचं काही वाटलं असं दिसलं नाही.

आता आमचा प्रश्न. ती गर्दी व्हिएतनामी होती, माणूस परका होता, यजमान देशाचा प्रतिस्पर्धी होता. मग ती माणसं तिथे कोणाच्या बाजूची होती? 'रेयेसच्या' हे उत्तर सोपं आहे. आम्हाला ते अपुरं वाटतं. का अपुरं, ते सांगण्यासाठी थोडं लांबून यावं लागेल.

काठीनं बॉल ढकलण्याचे हे सगळे खेळ एका कुटुंबातले आहेत. त्यातले बिलियर्ड्स आणि स्नूकर आपल्याकडे आले ते इंग्रजांबरोबर, आणि राहिले ते क्लबांत. स्नूकरचा तर जन्मच 1875 च्या सुमारास जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाला असं सांगतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स 1958 साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. वैयक्तिक खेळात असा किताब मिळवणारे ते पहिले भारतीय. मुंबईचे मायकेल फरेरा पुढे तीनदा जिंकले. इतकं असूनही हा खेळ आपल्या गल्लीत कधी उतरला नाही. का? कारण टेबल मोठं, महाग, आणि ते ठेवायला जागा सभासदांकडे. सभासदत्वाबरोबर आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे शांतता.

कॉलेजात असताना, साठच्या दशकाच्या शेवटी, आमचे एक काका आम्हाला शहरातल्या एका जुन्या जिमखान्यात बिलियर्ड्सचा प्रदर्शनीय सामना बघायला घेऊन गेले. भिंतीवर पाटी होती, 'शांतता राखा'. एका फटक्याला पांढरा बॉल तीन कडांना लागून नेमका जिथे जायला हवा तिथे गेला आणि आमच्या तोंडून 'वा!' निघून गेलं. टाळीही वाजली. खेळाडूनं वर पाहिलंही नाही, पण पांढऱ्या कोटातला एक सेवक आमच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. काकांचे कान लाल झाले. परतताना ते एवढंच म्हणाले, "अरे, फटका पूर्ण होऊ द्यायचा असतो." फटका पूर्ण झाला होता. पन्नासएक वर्षांनंतरही आम्ही या मुद्द्यावर ठाम आहोत.

शांततेचं समर्थन काय होतं? एकाग्रता. काठीचं टोक केसभर सरकलं तर बॉल चुकतो, म्हणून आवाज नको. ऐकायला पटतं. पण मग फिलिपिन्समध्ये, तैवानमध्ये, अलीकडे व्हिएतनाममध्ये हजारो माणसं ओरडत असताना तितकेच अचूक फटके कसे बसतात? एकाग्रतेला शांतता लागते हे खरं, पण ती आतली. बाहेरच्या शांततेची अट घातली ती खेळानं कमी आणि क्लबानं जास्त. तिथे कोणी बोलायचं आणि कोणी उभं राहायचं हे आधीच ठरलेलं होतं.

फिलिपिन्सचा इतिहास वेगळा आहे. आधी तीन शतकांहून जास्त स्पॅनिश सत्ता, मग 1898 पासून अमेरिकेची. बिलियर्ड्स पहिल्या वाटेनं आला, पूल दुसऱ्या. आला परकीयांबरोबरच, पण क्लबात अडकला नाही. पूलचं टेबल लहान, नऊ फूट बाय साडेचार फूट. स्नूकरचं असतं बारा बाय सहा. त्याहून लहान, डगमगणारी, ठिगळं लावलेलं कापड असलेली टेबलं गल्लीच्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या छपराखाली, वाण्याच्या दुकानाला लागून उभी राहिली. भिंत नाही, दार नाही. जाणारायेणारा थांबतो, बघतो, सल्ला देतो. सल्ला दिल्यावर गप्प बसत नाही. आपल्याकडे कट्ट्यावर पत्त्यांचा किंवा कॅरमचा डाव रंगला की मागे उभे असलेले चौघे खेळणाऱ्यांपेक्षा जास्त खेळत असतात. तसंच.

रेयेस या वातावरणातले. जन्म 1954, पंपांगा प्रांतातला. लहानपणीच मनिलात काकांच्या पूल हॉलवर आले. हॉलचं नाव 'लकी 13'. रात्री गिऱ्हाईक गेलं की त्याच टेबलावर झोपायचं. उंची पुरत नव्हती म्हणून शीतपेयाचे खोके पायाखाली घेऊन खेळायचे. त्यांचं टोपणनाव 'बाता', म्हणजे पोर. साठी उलटली तरी लोक त्यांना पोरच म्हणतात. आपल्याकडे सत्तरीच्या माणसाला 'बाळासाहेब' म्हणतात त्यातलाच प्रकार. तिथे खेळ चाले तो पैशांवर. हे लपवण्यात अर्थ नाही. बघणारेही पैसे लावत. आज स्टेडियममध्ये दिसणारी जाण त्या पैजांत तयार झाली असेल, तर आम्ही नीतीचे मास्तर म्हणून नाक मुरडू आणि जाणीवेचे अभ्यासक म्हणून दखल घेऊ. ज्याच्या खिशातले दहा पेसो टेबलावर आहेत तो फटका लक्षपूर्वक बघतो.

हे लोक नेमकं काय बघत होते ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. फिलिपिन्समध्ये पूर्वापार आवडता प्रकार म्हणजे रोटेशन. 15 बॉल, प्रत्येकावर आकडा, तेवढेच त्याचे गुण. एक ते पंधरा यांची बेरीज 120, म्हणून जो 61 गाठेल तो जिंकला. आणि अट अशी की टेबलावर जो सर्वांत लहान आकड्याचा बॉल असेल त्यालाच पांढऱ्या बॉलनं आधी स्पर्श करायचा. व्यावसायिक स्पर्धांत बहुतेक वेळा दिसतो तो नाइन-बॉल. तिथे नऊच बॉल, अट तीच, आणि जो नियमात राहून नऊ नंबर पॉकेटमध्ये घालेल त्याचा तो डाव. आधीचे आठ कोणी घातले याला किंमत नाही. आठ बॉल एकानं घालावेत आणि नवव्याला चुकावं, दुसऱ्यानं उठून एक फटका मारावा आणि डाव न्यावा. हे अन्यायाचं वाटतं ना? गर्दी जमते ती या अन्यायामुळेही. शेवटचा बॉल जाईपर्यंत काहीही ठरलेलं नसतं.

आता त्यातली खुबी. समजा तुम्हाला फटका सोपा नाही. तर तुम्ही पांढरा बॉल असा लपवून ठेवता की समोरच्याला लागणारा बॉल सरळ दिसूच नये. याला सेफ्टी म्हणतात. मग समोरचा काय करतो? तो पांढरा बॉल कडांवर आपटवत, एक कड, दोन कडा, कधी तीन, वळसा घालून लपलेल्या बॉलपर्यंत नेतो. नेता आला नाही तर फाउल, आणि फाउल झाला की प्रतिस्पर्धी पांढरा बॉल हातात घेऊन हवा तिथे ठेवतो. जवळजवळ डाव गेलाच. रेयेस यांची कीर्ती या वळशांवर उभी आहे. 1995 मध्ये अमेरिकेतल्या रीनो शहरात एर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध अंतिम सामन्याच्या निर्णायक डावात त्यांनी दोन कडांवरून इंग्रजी झेड अक्षरासारखा वळसा घालून लपलेला बॉल मारला, आणि तो नुसता लागला नाही, पॉकेटमध्ये गेला. ते चित्रीकरण नातवानं आम्हाला किती वेळा दाखवलं असेल याचा हिशेब नाही.

या खेळातली खुर्चीही लक्षात ठेवा. ज्याची पाळी नाही त्यानं खुर्चीत बसायचं. तो काही करू शकत नाही. टेनिसमध्ये चेंडू परतवता येतो, कुस्तीत डावाला तोड काढता येते. इथे समोरचा चुकत नाही तोवर हातात पाण्याचा पेला घेऊन बसणं एवढंच. प्रेक्षकही तेच करत असतो. म्हणजे कोणत्याही क्षणी दोन खेळाडूंपैकी एक जण स्वतःच प्रेक्षक असतो. असा खेळ आम्हाला दुसरा चटकन आठवत नाही.

फ्रेंच लेखक गुस्ताव ल बों यानं 1895 मध्ये गर्दीच्या मानसशास्त्रावर जे पुस्तक लिहिलं त्याचा उल्लेख मागे आला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की गर्दीत शिरलेला माणूस संस्कृतीच्या शिडीवरून काही पायऱ्या खाली उतरतो. एकेकटा शहाणा असतो, जमावात मूर्ख होतो. मनिलातले सामने बघताना ल बोंचं म्हणणं आम्ही मुद्दाम मनात धरून बसलो, आणि ते टिकेना.

आवाजाकडे कान द्या. खेळाडू टेबलाभोवती फिरतो, वाकतो, पुन्हा उठतो. गर्दीतून एक गुणगुण येते. तिला दिसलंय की सरळ वाट नाही. तो एका कडेकडे बोट नेतो आणि 'ओऽऽ' असा सूर उठतो, म्हणजे कोणती वाट घेणार ते तिला कळलं. तो वाकला की सगळं थांबतं. ही शांतता पाटी लावून आलेली नसते. काठी लागते, बॉल निघतो, आणि बॉल अजून टेबलावर धावत असतानाच आवाज चढू लागतो. निकाल लागण्याआधी! दुसऱ्या कडेवरून बॉल कोणत्या कोनात सुटला यावरूनच त्यांना कळलेलं असतं. आम्हाला पहिले काही दिवस आवाज आधी ऐकू यायचा आणि फटका मागाहून समजायचा. तिथे बसलेली एकटीदुकटी माणसं आमच्याइतकीच सामान्य असतील, पण ती एकत्र बसली की त्यांना एकेकट्यापेक्षा जास्त दिसत होतं. एकाला कोन कळला, दुसऱ्याला वेग, तिसऱ्याला पुढच्या बॉलची अडचण, आणि तिघांच्या आवाजातून चौथा शिकला.

याला आपल्याकडे शब्द आहे. अभिनवगुप्त ज्याला सहृदय म्हणतो तो. काव्याच्या सरावानं ज्याच्या मनाचा आरसा लख्ख झाला आहे आणि म्हणून समोरचं त्यात उमटतं, तो. सहृदय जन्मतः नसतो, सरावानं होतो. मैफलीत समेवर येण्याआधीच मान हलू लागते ती दाद या जातीची. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघणारा म्हातारा पट निघण्याआधी उठून उभा राहतो, तोही यातलाच. आमच्या जिमखान्यात मात्र बघणाऱ्यांना सहृदय होऊ दिलं जात नव्हतं, आवाज केल्याशिवाय ते एकमेकांकडून शिकणार कसे?

मध्येच एक सांगतो. 2009 साली दुहेरी संघांचा विश्वचषक, वर्ल्ड कप ऑफ पूल, मनिलाला लागून असलेल्या क्वेझॉन सिटीत एका मॉलमध्ये झाला. जागतिक स्पर्धा, आणि ती मॉलमध्ये! रेयेस आणि फ्रान्सिस्को बुस्तामांते या जोडीनं तिथे जर्मनीच्या जोडीला हरवलं. कोणी मॉलमधल्या स्पर्धेला बाजारूपणा म्हणेल. आम्हाला मात्र कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या छपराचाच तो नवा अवतार वाटला. खरेदीला आलेला माणूस थांबतो, आणि थांबला की अडकतो.

आता आजच्या मूळ मुद्द्याकडे येतो. इतका वेळ आम्ही स्वतःला 'आम्ही' म्हणतोय. काहींना ते जुनं वाटत असेल. चाळीस वर्षं वर्गात बोलून लागलेली खोड आहे, माफ करा. पण याच शब्दापाशी थांबू. इंग्रजीत 'वुई' एकच. मराठीत दोन आहेत, आम्ही आणि आपण. 'आम्ही जेवायला जातो' म्हटलं तर ऐकणारा घरी. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं तर ऐकणाऱ्यानं चपला शोधायच्या. एकात ऐकणारा वगळलेला, दुसऱ्यात धरलेला. गुजरातीत हा भेद आहे, तेलुगूत आहे. आणि हे तपासून बघितल्यावर आम्हाला फार आनंद झाला, फिलिपिन्सच्या टागालोग भाषेतही आहे. कामी म्हणजे आम्ही, तायो म्हणजे आपण. व्हिएतनामीतही तसंच, चुंग तोई आणि चुंग ता. म्हणजे ज्या गर्द्यांबद्दल आपण बोलतोय त्यांच्या जिभेवर हा भेद रोज असतो.

कोणतीही गर्दी 'वुई' म्हणते हे समाजशास्त्र सांगतंच. आमचा प्रश्न पुढचा आहे. ती कोणतं 'वुई' म्हणते? आम्ही की आपण?

2005 चं उदाहरण घ्या. नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा तैवानमधल्या काओशुंग शहरात होती. अंतिम सामन्यात दोघेही तैवानचे, वू च्या-चिंग आणि कुओ पो-चेंग. वूचं वय 16. निकाल 17-16, म्हणजे शेवटच्या शक्य डावापर्यंत गेलेला. घरचं मैदान, आणि समोर परका कोणीच नाही! अशा वेळी गर्दीला 'आम्ही' म्हणायला जागाच उरत नाही. दोन्ही बाजूंनी आपणच. हे सोपं उदाहरण, कारण इथे गर्दीची परीक्षाच नाही.

परीक्षा 2007 मध्ये. तीच जागतिक स्पर्धा, जागा क्वेझॉन सिटीचं अरानेता कोलिझियम. 1975 मध्ये अली आणि फ्रेझर यांची मनिलातली प्रसिद्ध लढत जिथे झाली तीच वास्तू. आदल्याच वर्षी मनिलात रोनातो अल्कानो या फिलिपिनो खेळाडूनं राल्फ सूकेला 17-11 असं हरवून किताब घेतला होता. आता अंतिम सामन्यात पुन्हा घरचा माणूस, रोबेर्तो गोमेझ, आणि समोर इंग्लंडचा डॅरिल पीच. सभागृह कोणाचं होतं हे सांगायला नको. पीच जिंकला, 17-15.

अशा सामन्यात एक क्षण वारंवार येतो, आणि आम्हाला अस्वस्थ करणारा तोच आहे. परका खेळाडू चुकतो आणि सभागृह जल्लोष करतं. चुकीवर टाळी. क्लबातला मनुष्य इथे विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघेल, की बघा, म्हणून आम्ही पाटी लावली होती. आणि त्याचं म्हणणं उडवून लावता येत नाही. खुर्चीतून उठून, सगळं घर विरुद्ध असताना, काठी हातात घेतलेल्या माणसावर त्या आवाजाचं ओझं पडतं. स्ट्रिकलंड तर प्रेक्षकांशी हुज्जत घालण्यासाठीच प्रसिद्ध. पाच वेळा यूएस ओपन जिंकलेला हा माणूस पुढे कानांवर आवाजरोधक चढवून खेळतानाही दिसला. लोक त्याला हसतात. आम्ही हसत नाही. त्याचा स्वभाव तापट असेल, पण त्याची तक्रार खरी आहे. गर्दी त्याला 'आम्ही'च्या बाहेर ठेवत होती, आणि त्याच आवाजात त्याला खेळायचं होतं.

ॲडम स्मिथनं 1759 च्या नीतिविषयक ग्रंथात निष्पक्ष प्रेक्षकाची कल्पना मांडली. आपल्या वागण्याचा निवाडा करायचा तर मनात एक असा बघणारा उभा करावा ज्याचा आपल्यात हितसंबंध नाही. कल्पना मोलाची आहे. पण पूलच्या सभागृहात तो प्रेक्षक आणून बसवला तर आमची भीती अशी की तो येणारच नाही. हितसंबंध नाही म्हणजे त्याला तिकीट काढण्याचं कारणच काय? बाजू घेतल्याशिवाय माणूस इतक्या बारकाईनं बघत नाही. दहा पेसोंची गोष्ट मघाशी झाली. म्हणजे पक्षपात हा दोष, पण जाण ज्या दारानं आत येते ते दारही पक्षपाताचंच. हा पेच खरा आहे आणि तो सुटतो असं आम्ही म्हणणार नाही.

मात्र एक गोष्ट दिसते. बाजू घेऊन घेऊन ज्याला जाण आली त्याचं कधीतरी स्वतःवर नियंत्रण राहत नाही. प्रतिस्पर्ध्यानं असा एखादा वळसा मारला की तोंडून 'वा' निघून जातं. निघून जातं, मुद्दाम दिलेलं नसतं. सौजन्य म्हणून वाजवलेली टाळी वेगळी, ती क्लबातही वाजते, दोन बोटांनी. ही तशी नाही. इथे जाण निष्ठेच्या पुढे धावली. त्या अर्ध्या सेकंदापुरता 'आम्ही'चा 'आपण' झाला आणि परका आत आला. पुढच्याच क्षणी सगळे भानावर येतात आणि तो पुन्हा परका होतो, हेही खरं. पण ज्याला खेळ कळत नाही त्याच्या बाबतीत हा अर्धा सेकंद कधी येतच नाही. अडाणी समर्थक आणि जाणकार समर्थक यांत आम्हाला दिसणारा नैतिक फरक एवढाच आहे, आणि तो आम्हाला मोठा वाटतो.

2024 च्या ऑक्टोबरमध्ये यात नवी भर पडली. युरोप आणि अमेरिका यांच्यात 1994 पासून मोस्कोनी कप नावाची सांघिक स्पर्धा होते. तिथली इंग्लिश गर्दीही गाणी म्हणणारी, डिवचणारी आहे. तेव्हा 'आशियात आरडाओरडा आणि पश्चिमेत शिस्त' असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. त्याच धर्तीवर मनिलाच्या निनॉय अकिनो स्टेडियममध्ये पहिला रेयेस कप झाला. आशिया विरुद्ध उर्वरित जग. आशियाचे कर्णधार स्वतः रेयेस. आशिया जिंकलं, 11-6.

त्या संघात फिलिपिनो होते, तैवानी होता, सिंगापूरचा होता, व्हिएतनामचा होता. एरवी हेच एकमेकांचे प्रतिस्पर्धी. आणि मनिलाची गर्दी व्हिएतनामी खेळाडूसाठी घसा कोरडा करत होती. नातू म्हणाला, "आजोबा, हे छान आहे ना?" आम्ही म्हटलं, थांब. छान आहे, पण हे वर्तुळ फक्त मोठं झालंय. कालचा परका आत घेतला तो बाहेर नवा परका ठेवूनच. 'आशिया' हा इथे मोठ्या अक्षरातला 'आम्ही'च आहे. त्याला ते फारसं आवडलं नाही. तो म्हणाला, "मग कधीच समाधान होणार नाही का तुमचं?" प्रश्न बरोबर होता.

आमचं समाधान त्या पहिल्या प्रसंगानं होतं, म्हणून तो आधी सांगितला होता. हा डोंगच्या क्रीडागृहातली व्हिएतनामी माणसं. त्यांच्या देशात कॅरम-बिलियर्ड्सची परंपरा फ्रेंच काळापासून आहे. पुढच्याच वर्षी, 2023 मध्ये, अंकारा इथे तीन कुशनच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना दोन व्हिएतनामी खेळाडूंतच झाला आणि बाओ फुओंग विन्ह जगज्जेता ठरला. म्हणजे हे लोक या खेळात कोणापुढे वाकणारे नव्हेत, आणि जाण तर त्यांच्याकडे भरपूर. तरी ते एका परक्या म्हाताऱ्याच्या टेबलाकडे गेले. देश बदलून फिलिपिन्सच्या बाजूचे झाले म्हणून नव्हे. त्यांना तो माणूस 'त्यांचा' वाटलाच नव्हता, 'आपला' वाटला होता. आणि तो आपला झाला तो वर्षानुवर्षं त्याच्या एकेका वळशावर न ठरवता निघून गेलेल्या त्या 'वा'मुळे. अर्धा अर्धा सेकंद साठत गेला. हे आम्ही सिद्ध करू शकत नाही. पण इतक्या माणसांचं त्या दिवशीचं वागणं याहून चांगलं समजावून सांगणारं कोणी असेल तर आम्ही ऐकू.

वेळ होत आला. दोन चिठ्ठ्या आल्या आहेत.

पहिली अशी की आपल्याकडे पूल पार्लर म्हणजे वाया गेलेल्या पोरांचा अड्डा समजतात, तर अशी जाणकार गर्दी इथे होईल का? अहो, मनिलातही ते अड्डेच होते. तिथे फक्त अड्ड्याला भिंत नव्हती. आपल्याकडे काळ्या काचा आणि जिन्याखालचं दार. ये-जा करणाऱ्याला आतलं काही दिसत नाही, मग त्याला कळणार काय आणि तो थांबणार कशाला? काचा साफ करा, बाकीचं नंतर बोलू.

दुसरी चिठ्ठी, अक्षर ओळखीचं वाटतंय. 'सर, तुम्ही स्वतः 2007 चा सामना बघताना कोणाच्या बाजूचे होता?'

निकाल आम्हाला आधी माहीत होता, नातवाला नव्हता. तो गोमेझच्या बाजूचा. आम्ही ठरवलं होतं की आपण निष्पक्ष राहायचं, स्मिथसाहेबांसारखं. सामना बरोबरीत सरकत होता. मग पीच खुर्चीत बसलेला दिसला. सगळं सभागृह विरुद्ध, हातात पेला, नजर जमिनीवर. आम्हाला एकदम तो जिमखाना आठवला, खुर्चीमागे उभा राहिलेला तो पांढरा कोट आठवला. तिथून पुढे आम्ही पीचच्या बाजूचे झालो ते झालोच. गोमेझ एकदा चुकला तेव्हा आमच्या तोंडून 'हाऽऽ' असं काहीतरी निघालं. नातवानं मान वळवून आमच्याकडे पाहिलं. त्या रात्री जेवताना त्यानं सगळं आजीलाच मागितलं, भातसुद्धा, जो आमच्या पुढ्यात होता.